ज्ञात दोषाचे माहात्म्य

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरांतील मुले-मुली आता वैमानिक होऊ पाहत आहेत. कोणाची कन्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत दाखल होते, तर कोणाचा पुतण्या गोंदियास शिकावयास जातो. अशा प्रसंगी काय भेट द्यावी असा विचार वडीलधाऱ्यांच्या मनात आला की बहुतेकांस घड्याळ सुचते, आणि ते योग्यच आहे. परंतु खरी अडचण तेथूनच सुरू होते. दुकानाच्या काचेच्या कपाटात ‘वैमानिकाचे’ म्हणून मांडलेली घड्याळे काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंतची असतात, आणि प्रत्येकाच्या अचूकतेची ग्वाही विक्रेता सारख्याच उत्साहाने देतो. त्यांतील कोणते मनगटास शोभेल हा प्रश्न वेगळा आणि कोणते कामास पात्र ठरेल हा प्रश्न वेगळा. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू लागलो, तेव्हा तो केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही असे आम्हांस दिसून आले. ज्या वस्तूवर प्रसंगी अनेकांचे प्राण अवलंबून राहतात, तिच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? ती कधी चुकत नाही म्हणून, की ती किती चुकते हे आपणांस ठाऊक आहे म्हणून? हाच प्रश्न माणसांविषयीही विचारता येतो. म्हणून त्याचा थोडा ऊहापोह येथे करण्याचे योजिले आहे.

मनगटी घड्याळाचे आणि उड्डाणाचे नाते जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात सभ्य पुरुषाने घड्याळ खिशात बाळगावे आणि मनगटावर ते स्त्रियांनी बांधावे, असा शिष्टाचार होता. पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलचा धाडसी उड्डाणवीर आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याला हा शिष्टाचार गैरसोयीचा वाटू लागला. हवेत असताना दोन्ही हात यंत्रावर गुंतलेले. खिशातून घड्याळ काढावयाचे कसे? त्याने आपली अडचण लुई कार्तिए या जवाहिऱ्या मित्रास सांगितली आणि १९०४ साली कार्तिएने त्याच्यासाठी मनगटावर बांधावयाचे घड्याळ तयार केले. रूढी काय म्हणते यापेक्षा हातातील काम काय मागते, हे येथे प्रमाण मानले गेले. वैमानिकाचे घड्याळ निवडताना आजही हीच कसोटी धरावयास हवी.

हे काम वेळेविषयी काय मागते ते पाहू. समुद्रावरून किंवा ढगांवरून जाणाऱ्यास खाली ओळखीची खूण नसते. दिशा होकायंत्र सांगते, वेग दुसरे यंत्र सांगते. पण या दिशेने आणि या वेगाने आपण किती काळ चाललो हे ठाऊक नसेल, तर पहिल्या दोन गोष्टी व्यर्थ ठरतात. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग याने न्यूयॉर्कहून निघून साडेतेहेतीस तासांनी पॅरिस गाठले, ते बरोबर रेडिओ न घेता. होकायंत्र, वेग आणि घड्याळ यांच्या हिशेबावर त्याने अटलांटिक महासागर ओलांडला. ताऱ्यांवरून स्थान काढावयाचे असेल तर घड्याळाचे महत्त्व आणखी वाढते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे घड्याळात चार सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तावर आपले अनुमानित स्थान एका सागरी मैलाने, अर्थात सुमारे १,८५२ मीटरांनी सरकते. आपल्या जुन्या कालमापनात पळ म्हणजे २४ सेकंद. एका पळाची गफलत झाली की सहा सागरी मैलांचा फरक पडला! मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्रावर डोळे लावून बसणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही पळाची एवढी किंमत मोजावी लागली नव्हती.

यावरून कोणीही असे म्हणेल की, मग सर्वांत अचूक असेल ते घड्याळ घ्यावे, म्हणजे झाले. येथेच थोडे थांबावयास पाहिजे. दोन घड्याळे कल्पनेने समोर ठेवा. एक दररोज बरोबर पाच सेकंद पुढे जाते. काल पाच, आज पाच, उद्याही पाच. दुसरे आज अगदी बरोबर आहे, उद्या वीस सेकंद पुढे जाईल, परवा तितकेच मागे पडेल. महिन्याअखेरीस हिशेब केला तर दुसऱ्याची चूक कदाचित शून्य भरेल आणि पहिले अडीच मिनिटे पुढे गेलेले असेल. तरीसुद्धा जाणता नाविक पहिलेच घड्याळ उचलील. कारण पहिल्याची चूक वजा करता येते. दुसऱ्याची येत नाही. जहाजांवरील कालमापक घड्याळांच्या बाबतीत हीच रीत शतकानुशतके पाळली गेली. प्रवासात त्यांचे काटे फिरवून ती ‘बरोबर’ करीत नसत. घड्याळास चालू द्यावयाचे, ठरल्या वेळी किल्ली द्यावयाची आणि त्याची चूक रोज वहीत नोंदवावयाची, एवढेच करीत. स्वित्झर्लंडमधील अधिकृत परीक्षण संस्था यांत्रिक घड्याळास ‘क्रोनोमीटर’ ही पदवी देते, तीदेखील ते चुकत नाही म्हणून देत नाही. सरासरीने दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा तेथे आहे. मात्र निरनिराळ्या स्थितींत आणि तापमानांत त्याची चाल फार बदलता कामा नये, ही अट कडक आहे.

म्हणजे ज्यांचा वेळेशी जिवाचा व्यवहार होता, त्यांनी निर्दोषत्वाची अपेक्षा कधी केलीच नाही. दोष ज्ञात असावा, स्थिर असावा आणि नोंदलेला असावा, एवढेच त्यांनी मागितले. आपला सामाजिक व्यवहार याच्या नेमका उलट चालतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कचेऱ्यांतील वार्षिक गोपनीय अहवालांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. ‘उत्कृष्ट’ आणि ‘सचोटी संशयातीत’ या शब्दांची तेथे जी खैरात होते, तिच्यामुळे वाचणाऱ्यास त्या माणसाविषयी काहीच कळत नाही. हा गृहस्थ निर्णय चांगले घेतो, पण दोन दिवस उशिरा घेतो. किंवा हा तातडीने घेतो, परंतु आकडे एकदा तपासून घ्यावे लागतात, अशी दोन प्रामाणिक वाक्ये नव्या वरिष्ठास सगळ्या उत्कृष्टांपेक्षा अधिक उपयोगी पडतील. परंतु ती लिहिणे म्हणजे त्या माणसाचे नुकसान करणे, असा संकेत रूढ झाल्यामुळे दोष झाकले जातात आणि मग ते ऐन अडचणीच्या वेळी प्रकट होतात.

यावर एक रास्त आक्षेप येईल. दोष ज्ञात आहे एवढ्याने तो क्षम्य ठरतो काय? असे मानले तर प्रत्येक आळशी माणूस म्हणेल, ‘माझा स्वभावच तसा आहे, तुम्हांला ठाऊक आहे’; आणि आपली जबाबदारी इतरांवर ढकलून मोकळा होईल. हा आक्षेप आम्हांस टाळावयाचा नाही. ज्ञात दोषाने सुटका होत नाही. उलट नवे कर्तव्य उत्पन्न होते. घड्याळ पाच सेकंद पुढे जाते हे ठाऊक असून जो ती वजाबाकी करीत नाही, त्याचा अपराध न जाणणाऱ्यापेक्षा मोठा आहे. आणि जो जाणूनही इतरांना सांगत नाही, त्याचा तर त्याहून मोठा.

घड्याळांच्याच इतिहासात याचे एक दारुण उदाहरण आहे. अंधारात वाचता यावे म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळापासून सैनिकी घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग देऊ लागले. अमेरिकेत न्यूजर्सीतील ऑरेंज या गावच्या कारखान्यात १९१७ पासून हे काम तरुण मुली करीत. आकडे नाजूक उमटावेत म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करावे, असे त्यांना शिकविलेले होते. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगण्यात आले. मात्र तेथील रसायनज्ञ स्वतः रेडियम हाताळताना शिशाच्या आडोशाचा आश्रय घेत. मुलींच्या जबड्यांची हाडे झिजू लागली, कित्येक मृत्यू पावल्या, आणि १९२८ साली त्यांच्यापैकी पाच जणींच्या दाव्यात तडजोड झाली. येथे धोका वरच्यांस ज्ञात होता, परंतु ज्यांच्या ओठांशी तो रोज जात होता त्यांच्यापासून तो लपविलेला होता. ज्ञात दोषाचे आम्ही जे माहात्म्य सांगत आहोत, ते उघड केलेल्या दोषाचे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. व्यवहाराची एक सूचनाही येथेच करून ठेवतो. हौसेखातर जुन्या बाजारातून महायुद्धकालीन घड्याळ भेट म्हणून घेऊ नये. रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असते; तबकडीवरील चमक काही दशकांत विझते, विष मात्र राहते. आजच्या घड्याळांत बहुधा जो रंग वापरतात, तो दिवसाचा प्रकाश साठवून रात्री परत देतो आणि किरणोत्सर्गी नसतो.

आता घड्याळाच्या दुसऱ्या गुणाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलातील मार्गदर्शकांना ५५ मिलिमीटर व्यासाची प्रचंड घड्याळे दिली जात. ती जाड पोशाखावरून बांधावयाची असत आणि त्यांची किल्ली हातमोजे घालूनही फिरविता येई एवढी मोठी असे. अमेरिकनांची ‘ए-११’ घड्याळे त्यामानाने चिमुकली होती. परंतु दोन्ही शत्रुपक्षांच्या घड्याळांत एक सोय समान होती. किल्ली बाहेर ओढली की सेकंदाचा काटा जागच्या जागी थांबे. उड्डाणापूर्वी सर्वांनी काटे थांबवावयाचे आणि इशारा होताच एकदम सोडावयाचे, म्हणजे सर्वांचा सेकंद एक. ज्या घड्याळाला थांबता येत नाही, त्याला इतरांशी जुळवून घेता येत नाही. माणसांच्या बाबतीतही, घटकाभर स्वतःची गती थांबवून इतरांशी आपला सेकंद ताडून पाहण्याची तयारी हा काही दुबळेपणा नव्हे.

परंतु सर्वांचे एकमत झाले म्हणजे सत्य सापडले काय? समजा, विमानांची संपूर्ण तुकडी दहा सेकंदांनी चुकीची वेळ लावून निघाली. एकमेकांना भेटण्यापुरते त्यांचे काही बिघडणार नाही. सगळेच दहा सेकंद चुकलेले असल्यामुळे भेट ठरल्याप्रमाणे होईल. पण त्यांच्यातील मार्गदर्शकाने ताऱ्यावरून स्थान काढावयास घेतले, तर तो अडीच सागरी मैल चुकेल. तारा त्यांच्या ठरावात सहभागी झालेला नसतो. कचेरीत सगळे टेबल एकमताने चुकू शकतात, आणि आपसांत कोठेही विसंगती नसल्यामुळे ती चूक कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेरचा एखादा माणूस अर्ज घेऊन खिडकीशी येतो तेव्हाच ती उघडकीस येते. म्हणून घड्याळ सहकाऱ्यांशी जुळवावे, आणि सहकाऱ्यांसह सर्वांनी ते बाहेरच्या प्रमाणाशीही जुळवावे.

प्रमाण म्हटले की आपल्याकडील एक जुना वाद आठवतो. १९०६ साली मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर आधारलेली प्रमाणवेळ हिंदुस्थानात सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यामागे ३९ मिनिटे होती, कलकत्त्याची सुमारे २३ मिनिटे पुढे. कलकत्त्याने १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत आपापली वेळ सोडली नाही. त्या आग्रहास आम्ही हसणार नाही. मुंबईच्या माथ्यावर सूर्य मिर्झापूरच्या वेळी येत नाही, हे खरेच होते. परंतु आगगाडी आणि तार यांना एका वेळेची गरज होती, हेही तितकेच खरे होते. वैमानिकास तर याच्याही पुढे जावे लागते. त्याची हवामानाची पत्रके, उड्डाणाचा आराखडा, नोंदी ही सर्व जगाच्या समान वेळेत असतात, आणि उतरल्यावर गावातील माणसे मात्र गावच्या वेळेने जेवतात व झोपतात. म्हणून १९५० च्या दशकाच्या मध्यास पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने दुसरी वेळ दाखविणारा चोवीस तासांचा जादा काटा असलेले घड्याळ काढले, आणि पुढे त्या धर्तीची पुष्कळ निघाली. आपली वेळ जगापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. या घड्याळांत मिनिटकाटा एकच असल्यामुळे वरच्या अर्ध्या तासाचा हिशेब भारतीय वैमानिकास बहुधा मनातच करावा लागतो. पाटण्यास वा भुवनेश्वरी राहून रत्नागिरीच्या पंचांगाने सण पाळणाऱ्या आमच्या वाचकांस ही मनातील बेरीज-वजाबाकी अपरिचित नसावी. दोन वेळा बाळगण्यात अप्रामाणिकपणा नाही. कोणत्या क्षणी कोणती वेळ बोलत आहोत याचा घोटाळा झाला, म्हणजे मात्र अनर्थ होतो.

तिसरा गुण पहिल्या दोहोंशी वरवर विसंगत वाटेल. घड्याळाने बाहेरच्या प्रमाणाशी जुळवावे, पण कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवू नये! विमानातील विद्युत् यंत्रांच्या सान्निध्यात चुंबकीय क्षेत्र असते. त्याच्या प्रभावाने घड्याळातील केसाएवढ्या कमानीची वेटोळी एकमेकांस चिकटू लागली की घड्याळ बेफाम पुढे धावते. म्हणून १९४८ च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलासाठी जी ‘मार्क ११’ घड्याळे ठरविण्यात आली, त्यांचे यंत्र मृदू लोखंडाच्या आतील पेटीत बंद केलेले असे. आज हा धोका निराळ्या रूपाने आला आहे. आधुनिक विमाने उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान आणि वेळ दोन्ही घेतात. २०२३ नंतर पश्चिम आशिया व पूर्व युरोपच्या आकाशात खोटे संकेत सोडून विमानांना फसविण्याचे प्रकार वाढले, आणि काही वेळा स्थानाबरोबर विमानातील घड्याळेही चुकीची वेळ दाखवू लागल्याचे नोंदले गेले. जे घड्याळ प्रत्येक संकेत मुकाट्याने मानते, ते सज्जन खरे. परंतु त्याची सज्जनता फसविणाऱ्याच्या उपयोगी पडते. अशा वेळी आकाशातून कोणाचेच न ऐकणारे मनगटावरील साधे घड्याळ साक्षीदार म्हणून उभे राहू शकते. जमिनीवर असताना, शांतपणे, खात्रीच्या प्रमाणाशी ते जुळविलेले असते; मग हवेत ते आपल्या शब्दास जागते. आम्हांस वाटते की, सदसद्विवेकाचेही असेच असावे. तो घडवावा सर्वांचे ऐकून, पण ऐन प्रसंगी येईल त्या आवाजासरशी त्याचे काटे फिरू नयेत.

या गुणाची कसोटी १९७० च्या एप्रिलमध्ये अंतराळात लागली. अपोलो १३ या यानात स्फोट झाल्यावर वीज वाचविण्यासाठी बहुतेक यंत्रे बंद करावी लागली होती. मार्ग सुधारण्याकरिता इंजिन नेमके १४ सेकंद चालविणे प्राप्त झाले, आणि ते १४ सेकंद जॅक स्विगर्ट याने आपल्या मनगटावरील ओमेगा घड्याळाने मोजले. ते किल्लीचे घड्याळ होते. दिवसाला पाच सेकंदांची चूक त्यात धरली, तरी चौदा सेकंदांत ती एका सेकंदाच्या हजारांशाहूनही कमी भरते. ज्या क्षणी महागडी साधने गप्प झाली, त्या क्षणी एक माफक पण ज्ञात मर्यादांचे साधन पुरेसे ठरले.

इतक्या विवेचनानंतर घड्याळाची निवड सोपी होते. तबकडी काळी किंवा पांढरी, पण स्वच्छ असावी. आकडे ठळक असावेत आणि बाराच्या जागी निराळी खूण असावी, म्हणजे अंधारात झटकन पाहताना वरचे-खालचे उलट होणार नाही. सेकंदकाटा मध्यावरचा व थांबविता येणारा असावा, कारण विमानतळावर घिरट्या घालताना एक-एक मिनिटाचे टप्पे मोजावे लागतात. जर्मनीत २०१६ साली वैमानिकांच्या घड्याळांसाठी जे मानक ठरले, त्याचा गाभाही हाच आहे की, विमानातील घड्याळ बंद पडल्यास मनगटावरच्या घड्याळाने त्याची जागा घेता यावी. क्वार्ट्झ घड्याळ घेण्यात कमीपणा नाही. साधे क्वार्ट्झही महिन्याला साधारण १५ सेकंदांपलीकडे चुकत नाही. त्यांतील पुष्कळ घड्याळांची बॅटरी संपत आली की सेकंदकाटा काही सेकंदांच्या उड्या मारू लागतो. आपला अंत जवळ आल्याचे आधी कळविणारे असे घड्याळ मिळाले, तर ते अवश्य पसंत करावे. किमतीचा आणि या गुणांचा संबंध फारच थोडा आहे.

आणि नाव? १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला सरकारी कारखाना निघाला. त्याच एचएमटीने पुढे ‘पायलट’ नावाचे काळ्या तबकडीचे किल्लीचे घड्याळ काढले. २०१६ साली तो घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. हे घड्याळ बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जन्मात विमान चालविले नव्हते. त्यात कोणास पोकळ मिरवणे दिसेल. आम्हांस दिसत नाही. रोज सकाळी किल्ली देऊन वेळेवर फलाटाशी उभा राहणारा स्टेशनमास्तर आणि वैमानिक यांच्या कर्तव्यात उंचीचा फरक आहे, जातीचा नाही.

आमचे सांगणे एवढेच की, घड्याळ देताना त्याच्याबरोबर एक छोटी वही द्यावी. पहिले तीन महिने दररोज ठरल्या वेळी ते प्रमाणवेळेशी ताडून पाहावे आणि किती सेकंद पुढे वा मागे, ते तारखेसह लिहावे. वही भरेल तेव्हा त्या मुलीस आपल्या घड्याळाचा स्वभाव कळलेला असेल. त्याच वहीच्या मागील पानावर, कोणासही न दाखविता, तिने आपल्या स्वतःच्या चालीचीही नोंद ठेवली, आणि पुढे शेजारच्या आसनावरील सहकाऱ्यास त्यांतील आवश्यक तेवढे निःसंकोच सांगितले, तर मागे बसलेल्या दीडशे माणसांना तिच्यावर विश्वास ठेवण्यास याहून भक्कम आधार लागणार नाही.